चित्त्याची नजर



आपल्या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची व्याख्याने झाली. मी तर निवृत्तीनंतर कॅमेरा हाती धरलेला एक हौशी गृहस्थ. तथापि गतवर्षीच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आपण माझे चित्त्याचे छायाचित्र छापलेत, अनेकांनी घरी येऊन त्याची स्तुती केली, आणि 'तो चित्ता इतक्या रोखून कोणाकडे पाहत आहे?' असे पुष्कळांनी विचारले. त्या प्रश्नाचे खरे उत्तर मी आजवर टाळीत आलो. ते आज देतो.

केनिया देशाच्या नैर्ऋत्येस मसाई मारा हे सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे राखीव वन आहे. वन म्हटले की आपल्याला सह्याद्रीची दाट झाडी आठवते; येथे दृष्टी पोचेल तेथवर गवतच गवत, आणि मधूनच एखादे एकाकी झाड. दक्षिणेस ते टांझानियातील सेरेंगेटीला जोडलेले आहे. असा मोकळा मुलूख असल्यामुळे प्राणी दिवसाउजेडी दिसतात आणि जगभरचे छायाचित्रकार तेथे धाव घेतात.

मोठे भिंग घेतले की चित्र आले, असा आपला समज असतो. वस्तुतः तेथे मोटार हेच आपले मचाण. खाली उतरण्याची मनाई असते. यंत्र बंद केल्यावाचून चित्र घेऊ नये, कारण त्याची थरथर भिंगापर्यंत पोचते. खिडकीच्या कडेवर तांदूळ किंवा कडधान्य भरलेली कापडी पिशवी ठेवून तीवर भिंग टेकवावे. (माझी पिशवी सौभाग्यवतींनी जुन्या धोतराची शिवून दिली होती.) छताच्या झरोक्यातून घेतलेल्या चित्रात प्राणी खुजा दिसतो, खिडकीतून घेतल्यास त्याची नजर आपल्या नजरेला भिडते. धावत्या प्राण्यासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग पुरे. परंतु ऊन चढले की गवतावरची हवा तापून लहरू लागते, आणि मग अत्यंत किमती भिंगालाही लांबचे चित्र स्वच्छ टिपता येत नाही. जवळ जाण्याचा मोह तेथे सुरू होतो.

आता चित्त्याविषयी. सिंह आणि बिबळ्या बहुधा रात्री शिकार करतात. चित्ता मुख्यतः दिवसा. त्याचे सारे सामर्थ्य काहीशे मीटरांच्या एका धावेत असते. म्हणून गवतात दबत दबत सावजाच्या जवळ पोचणे त्याला भागच असते. आपल्या कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवीत. पाळलेल्या चित्त्याला डोळे झाकून गाडीतून कळपाजवळ नेण्याची आपल्याकडे रीत होती. तेथे गाडी चित्त्याच्या उपयोगी पडे. आमच्या गाडीने काय केले, ते ऐकावे.

सन २०१९ च्या सप्टेंबरातील ती सकाळ. तीन पिलांची आई असलेली एक मादी गवतात दबून बसली होती, आणि पलीकडे लहान हरणांचा कळप चरत होता. भोवती अकरा मोटारी. मी मोजल्या होत्या. आमचा मसाई सारथी मागेच थांबला होता. 'दुमा शिकार करणार आहे, येथूनच पाहावे,' तो हलक्या आवाजात म्हणाला. स्वाहिली भाषेत चित्त्याला दुमा म्हणतात. परंतु मला तिचे मुख हवे होते. मी आग्रह धरला, बक्षिसाची भाषा केली. तो काही न बोलता गाडी पुढे घेऊन गेला. तिने मान वर केली. डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेली ती काळी रेघ, ते पिंगट डोळे! मी कळ दाबली. त्याच क्षणी हरणे उधळली.

ती माझ्याकडे पाहत नव्हती, मंडळी. तिचे सावज आमच्या मोटारीच्या मागे होते. आम्ही मध्ये उभे होतो.

ती उठली आणि पिलांना घेऊन निघून गेली. त्या दिवशी तिला काही मिळाले की नाही, मला ठाऊक नाही. परतल्यावर माझ्या वाचनात आले की, २०१८ साली फेम्के ब्रूकहाउस या संशोधिकेने मारा परिसरातील चित्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे प्रवाशांची गर्दी फार, तेथे एका वेतातील सरासरी ०.२ पिलेच स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत वाचली. जेथे गर्दी कमी, तेथे २.३. एका प्राण्याभोवती पाचांहून अधिक मोटारी नसाव्यात, हा नियम तेथे आहेच. आमची बारावी होती.

दुसऱ्या दिवशी मी सारथ्याची क्षमा मागितली आणि गाडी त्याच्या मर्जीवर सोडली. त्याने ती दुसऱ्याच एका चित्त्यापासून इतकी दूर उभी केली की, नुसत्या डोळ्यांनी गवतात एक ठिपका दिसत होता. तासाभराने तो ठिपका धावला. त्या धावेचे चित्र माझ्याजवळ आहे; अस्पष्ट आहे, हवेने थरथरलेले आहे, मुखपृष्ठावर शोभणारे खचित नाही. आज प्रथम तेच पडद्यावर दाखवणार आहे. पुढच्या रांगेतील मुलांनी ठिपका शोधावा. चिटणीससाहेब, कृपया दिवे मालवावेत.