आईसमवेत इस्तंबूल



इस्तंबूल पाहून आलेल्या माणसानें आया सोफियाचा घुमट, सुलतानांचा राजवाडा आणि बोस्फोरसची सामुद्रधुनी यांचें वर्णन करावें, अशी रीत आहे. ती रीत मी अगदींच मोडणार नाहीं. परंतु माझें वर्णन थोडें एकांगी होईल, कारण हें शहर मीं माझ्या शहात्तर वर्षांच्या आईच्या चालीनें पाहिलें. तिचे गुडघे दुखतात. शिवाय माझ्या पिशवींत, मार्गदर्शक पुस्तकाच्या खालीं, दुसरा एक कागद होता. आमच्या रत्नागिरीकडील घराच्या वांटणीचा तो मसुदा. परदेशीं, चार दिवस निवांत, आईचें मन प्रसन्न पाहून तिची संमति घ्यावी, असा माझा बेत होता. बेत मोठा थोर होता असें मी म्हणत नाहीं.

पहिल्या दिवशीं अर्थातच आया सोफिया. सम्राट जस्टिनियन यानें इ. स. ५३२ ते ५३७ अशा अवघ्या पांच वर्षांत हें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभें केलें. ५५८ सालीं त्याचा घुमट कोसळला. तो पहिल्याहून उंच करून ५६२ पर्यंत पुन्हां बांधला. १४५३ सालीं शहर तुर्कांनीं जिंकलें तेव्हां तेथें मशीद झाली, १९३५ सालीं संग्रहालय झालें आणि २०२० पासून तेथें पुन्हां मशीद आहे. परदेशी प्रवाशांना आतां वरच्या सज्जांत नेतात. त्या चढावर आई दोनदां थांबली, आणि दोन्ही वेळां मीं घड्याळाकडे पाहिलें. तिनें तें पाहिलें हेंही मला दिसलें. अखेर सज्जांत पोंचल्यावर, घुमटाच्या पायथ्याशीं असलेल्या चाळीस खिडक्यांतून उजेड असा कांहीं उतरत होता कीं, एवढा थोरला घुमट जणूं कशावरच टेकलेला नाहीं असें वाटावें. मी इतिहास सांगूं लागलों. आई कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "इथं येणाऱ्या एवढ्या माणसांना पाणी कुठून आणीत असतील रे?"

खरें सांगतों, मला राग आला. दीड हजार वर्षांची वास्तु समोर आणि हिला घागरीची चिंता! परंतु पुढचे तीन दिवस आम्हीं जें इस्तंबूल पाहिलें तें या एका प्रश्नानें दाखविलें, हें मला मान्य केलें पाहिजे.

उत्तर रस्त्यापलीकडेच होतें. आया सोफियापासून चार पावलांवर जमिनीखालीं जस्टिनियननेंच बांधविलेला एक प्रचंड हौद आहे. तुर्क लोक त्याला येरेबातान म्हणतात. बावन्न दगडी पायऱ्या उतरून जावें लागतें. आई एकेक पायरी दोन्ही पावलें टेकून उतरली. मी या खेपेस घड्याळ खिशांत ठेवलें होतें. खालीं बारा रांगांत मिळून ३३६ खांब, प्रत्येक सुमारें नऊ मीटर उंच, आणि तळाशीं अजूनही थोडें पाणी. दोन खांबांच्या बुडाशीं मेदूसा या ग्रीक राक्षसीचीं मुंडकीं आहेत; एक उलटें, दुसरें आडवें. छायाचित्रें घेणाऱ्यांची तेथें इतकी दाटी होती कीं दगड दिसेना. त्या मुंडक्यांसंबंधीं पुष्कळ गूढ तर्क सांगतात. आईनें आपला तर्क तत्काळ सांगितला : "कुठल्या तरी पडक्या देवळाचा दगड असेल. खांब उंचीला कमी पडला, तेव्हां खालीं घातला." जाणत्यांचें मतही साधारण असेंच आहे.

या हौदाची एक हकीकत मीं तिला सांगितली. सोळाव्या शतकांत पेत्रुस गिलिउस नांवाचा फ्रेंच विद्वान येथें आला. तोंपर्यंत हौदाची आठवण बुजली होती; मात्र वरच्या घरांतील लोक आपल्या जमिनींतील भोंकांतून बादली सोडून पाणी काढीत, आणि कधीं कधीं मासळीही धरीत! कुतूहलानें माग काढीत तो खालीं उतरला आणि होडींतून त्यानें तो हौद पाहिला. आई खूप हंसली. मग थोड्या वेळानें म्हणाली, "म्हणजे घरं निराळीं, पण खालचं पाणी एकच." मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं, असें दाखविलें.

तें पाणी शहराबाहेरच्या डोंगराळ रानांतून येई. चौथ्या शतकांत सम्राट व्हालेन्स याच्या कारकीर्दींत पुरा झालेला कमानींचा पाणवठा अद्याप उभा आहे आणि त्याच्या कमानींखालून आज मोटारी धांवतात. आमची टॅक्सीही तेथूनच गेली. राजवाड्याच्या बाह्य दरवाजासमोर तिसऱ्या अहमद सुलतानानें १७२८ सालीं बांधविलेली एक सुंदर वास्तु आहे : चारी बाजूंस तोट्या, आणि चारी कोपऱ्यांस जाळीच्या खिडक्या. त्या खिडक्यांतून वाटसरूंना पेले भरून फुकट पाणी देत. "पाणपोईच कीं," आई म्हणाली, आणि राजवाड्यांतील हिऱ्यामाणकांपेक्षां जास्त वेळ तिच्यापुढें उभी राहिली. तुर्की भाषेंत तलावाला 'हावुझ' म्हणतात. आपला हौद तो हाच. दुकान, साबण, मैदान, हिशेब, असे ओळखीचे शब्द पदोपदीं भेटत. ते गोळा करण्याचा आईला छंदच लागला.

तिसऱ्या दिवशीं या छंदानें मला गांठलें. लहानशा तांबड्या ट्रामनें आम्ही तक्सीम चौकांत गेलों. चौक विस्तीर्ण, गजबजलेला. त्याच्या एका कडेला दगडी अष्टकोनी इमारत आहे, तिकडे फारसें कोणी पाहत नाहीं. चौकाला नांव तिच्यामुळें पडलें. पहिल्या महमूद सुलतानाच्या काळीं, १७३२ सालीं, रानांतून आणलेलें पाणी येथें येऊन निरनिराळ्या वस्त्यांना वांटून दिलें जाई. पाण्याचें माप 'ल्यूले', म्हणजे ठराविक तोंडाची तोटी, आणि तिचा आठवा हिस्सा 'मासुरा'.

"आठवा हिस्सा म्हणजे दोन आणे," आई म्हणाली. "आणि तक्सीम म्हणजे तक्षीम. आपल्या खोतीच्या कागदांत आहे तीच." क्षणभर थांबून तिनें विचारलें, "तूं आणलेला कागद तक्षिमीचाच ना? पिशवींत मला पहिल्याच दिवशीं दिसला."

तेथें बांकावर बसून मीं तो वाचून दाखविला. घराचे दोन भाग, अंगणांत भिंत, आणि विहीर आमच्या बाजूस. माझा चुलतभाऊ पंपानें त्याच विहिरीचें पाणी नेतो. त्याला पुढें दुसरी विहीर खणतां येईल, असें मीं म्हटलें. खालीं सारा कातळ आहे, हें मला ठाऊक होतें, आणि तिलाही.

आई रागावली नाहीं. ती त्या दगडी इमारतीकडे पाहत म्हणाली, "घर वांट. भिंत घालायची तर घाल, मला ती आवडणार नाहीं, पण घाल. विहीर कागदांत धरूं नकोस. माझ्या सासूबाईंनीं आणि तुझ्या काकूनं तिचा गाळ काढला तेव्हां आणे-पै मोजलीं नव्हतीं."

मी कांहीं बोललों नाहीं. संध्याकाळीं उस्कुदारला जाणाऱ्या बोटींत आम्ही बसलों. चिंचोळ्या कंबरेच्या पेल्यांतून चहा आला. मागें सुलेमानी मशिदीचे मनोरे मावळतीच्या उजेडांत काळे दिसत होते. सिनान या श्रेष्ठ स्थपतीचें १५५७ सालीं पुरें झालेलें तें काम मला दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिला दाखवावयाचें होतें. तिनें कागद मागितला, माझें पेन घेतलें, बोट हलत होती म्हणून तो माझ्या पाठीवर टेकवून विहिरीची ओळ खोडली आणि वर 'सामाईक' असें लिहिलें. सही केली नाहीं. "भाऊनं आधीं वाचूं दे," म्हणाली, आणि त्या मशिदीला किती पायऱ्या आहेत तें विचारूं लागली.

कागद भाऊकडे जाऊन आतां दोन महिने झाले. त्याचें उत्तर अजून यावयाचें आहे.