धारूरचा किल्ला आणि ‘चौदाशे वर्षांचं वैर’

आखातात काही पेटलं की स्टेटसवर एक वाक्य हमखास फिरतं : ‘अरब-इराणी वैर चौदाशे वर्षांचं आहे.’ आज हे वाक्य तपासून बघू. त्यासाठी शेवटी आपल्याच बीड जिल्ह्यात, धारूरला यायचंय.

जुनी ठिणगी खरी आहे. हीराचे अरब राजे इराणच्या सासानी सम्राटांसाठी वाळवंटाची सीमा राखायचे. इ.स. 602 च्या सुमारास सम्राटानं ते राज्यच मोडलं. पुढे अरब फौजांनी कादिसियाची लढाई जिंकली, 642 मध्ये नहावंदची, आणि 651 मध्ये शेवटचा सासानी सम्राट यझ्दगर्द मारला गेला. इराण्यांनी हळूहळू इस्लाम स्वीकारला, पण स्वतःची भाषा सोडली नाही. सल राहिला.

पण वैर सलग चाललं का? अरबी व्याकरणाचा पाया घालणारा सिबवैह मूळचा इराणी होता. आणि शिया-सुन्नी म्हणाल, तर 1501 मध्ये सफवी सत्ता येईपर्यंत बहुतेक इराणी सुन्नीच होते. आपल्या ‘बीड जिल्हा’तला ‘जिल्हा’ मूळ अरबी, पण आपल्यापर्यंत आला फारसी कारभारातून!

आता धारूर. हा किल्ला बांधला विजापूरच्या आदिलशाहीतल्या किश्वर खान लारीनं. लारी म्हणजे इराणातल्या लारचा. त्या काळी दख्खनच्या दरबारांत बाहेरून आलेले ‘आफाकी’ आणि इथले ‘दख्खनी’ यांच्यात पदांवरून खूनखराबा व्हायचा. पण किश्वर खान मेला तो अहमदनगरच्या निजामशाही फौजेशी लढताना. अली आदिलशहा शिया, मुर्तजा निजामशहाही शिया. 1565 मध्ये विजयनगरविरुद्ध ही दोन्ही राज्यं एकत्र लढली होती. काहीच वर्षांत याच किल्ल्यासाठी एकमेकांवर उठली. पंथ एकच, भांडण मुलखाचं.

म्हणून मला ते ‘चौदाशे वर्षं’ खटकतं. एकदा वैर रक्तातच आहे म्हटलं, की आज तेल कुणाला हवंय, सत्ता कुणाला हवीय, हे विचारायचं राहून जातं. आपल्या जिल्ह्यातही दोन समाजांत ताण वाढला की कुणीतरी म्हणतंच, ‘यांचं आधीपासूनच असं आहे.’ पुढच्या वेळी असं ऐकलं, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा : आधीपासून म्हणजे नेमकं कधीपासून, आणि भांडण कशावरून?

भेटू पुढच्या भागात.