जुन्या घरांतील वीज आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या या विषयांचा ऊहापोह दरवर्षी होतो आणि तो योग्यच आहे. चालकांनी मला मात्र विषयनिवडीची मोकळीक दिली, म्हणून मी एक रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. आपल्यापैकी पुष्कळांची घरे पुण्याच्या पेठांतील वाड्यांत, गिरगाव-दादरकडील चाळींत किंवा तशाच जुन्या इमारतींत आहेत. त्या घरांतून फिरणाऱ्या विजेच्या तारांविषयी मला आज बोलावयाचे आहे. मी अभियंता नव्हे. शाळेत मुलांना विज्ञान शिकविणारा शिक्षक. तेव्हा जे सांगेन ते फळ्यावर लिहून दाखविता येईल एवढेच सांगेन.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबईस वीज पुरविणारी कंपनी 1905 साली स्थापन झाली, 1907 साली तेथे विजेची ट्राम धावू लागली, आणि 1915 साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज वाहू लागली. पुढे 1947 साली ती कंपनी महानगरपालिकेने आपल्या ताब्यात घेतली. त्या काळात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे सामान्य माणसाच्या घरात वीज म्हणजे खोलीस एक दिवा, फार तर एक पंखा. तारा त्या हिशेबानेच घातल्या गेल्या. तांब्याच्या तारेवर रबराचे वेष्टन, ती लाकडी पट्टीवर चिमट्यांनी बसविलेली किंवा लाकडी झाकणपट्टीत घातलेली, आणि दरवाज्याजवळ चिनीमातीचा फ्यूज. त्या काळास ही व्यवस्था पुरेशी होती. ती करणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु रबर हा जिन्नस चिरंजीव नाही. काही दशकांनी तो वाळतो, तडकतो, आणि बोट लावताच भुगा होऊन पडतो. वाड्याची लाकडे सागाची, पोटमाळ्यावर उंदीर, पावसाळ्यात भिंतींना ओल. अशा ठिकाणी उघडी पडलेली तार म्हणजे गवताच्या गंजीत ठेवलेला निखारा होय.

आता थोडे गणित करू. साठ वॉटचे दोन दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ मिळून सुमारे 230 वॉट होतात. आपल्याकडील दाब 230 व्होल्टचा असल्याने तारेतून एक अँपिअर प्रवाह जाई. आज सकाळी सात वाजता त्याच घरात 2000 वॉटचा गीझर, 1000 वॉटची इस्त्री आणि 500 वॉटचा मिक्सर एकाच वेळी चालू असतो. बेरीज 3500 वॉट, म्हणजे सुमारे पंधरा अँपिअर. तारेत निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या पटीत वाढत नाही, ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह पंधरापट झाला की त्याच तारेतील उष्णता सव्वादोनशे पट होते. आजोबांच्या दिव्यासाठी घातलेल्या तारेवर नातवाचा गीझर चालविणे म्हणजे काय, हे या एका आकड्यावरून ध्यानी यावे.

जुन्या घरांत जे दोष वारंवार आढळतात, त्यांपैकी मुख्य तेवढे सांगतो.

पहिला दोष फ्यूजचा. फ्यूजची तार मुद्दाम दुर्बल ठेवलेली असते. भार वाढताच तिने स्वतः वितळून घर वाचवावे, हाच तिचा धर्म. ती वारंवार जाते म्हणून आपण तेथे जाड तार गुंडाळतो. मग वितळण्याची पाळी भिंतीतल्या तारेवर येते. आता फ्यूजच्या जागी एमसीबी आले, तरी खोड गेलेली नाही. खटका पडतो म्हणून दहाच्या जागी बत्तीस अँपिअरचा एमसीबी बसवायचा आणि तार तीच ठेवायची, हा तोच प्रकार नव्या कपड्यांत. तार जेवढे सोसू शकते त्याहून एमसीबीचा आकडा मोठा असता कामा नये.

दुसरा दोष बटणाचा. बटण जिवंत तारेवर असावयास हवे. जुन्या घरांत ते पुष्कळदा न्यूट्रल तारेवर आढळते. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते, आणि बल्ब बदलणाऱ्यास झटका बसतो. पूर्वी दोन्ही तारांवर फ्यूज घालीत; त्यांतला न्यूट्रलचा फ्यूज गेला तरी हीच फसगत होते. न्यूट्रलवर फ्यूज असूच नये.

तिसरा दोष अर्थिंगचा, आणि तो सर्वांत गंभीर. कित्येक वाड्यांत अर्थिंग नाहीच. प्लगला तिसरे भोक दिसते, त्याच्यामागे काही नसते. त्याहून वाईट म्हणजे काही कारागीर ते तिसरे टोक न्यूट्रलला जोडून देतात. न्यूट्रल कोठे तुटली की फ्रिजच्या आणि धुलाईयंत्राच्या पत्र्यावर वीज उतरते. काही जण ते नळाच्या पाइपाला जोडतात. पाइप आता ठिकठिकाणी प्लॅस्टिकचे झाल्याने ती वीज जमिनीत न जाता शेजाऱ्याच्या नळावर जाऊन बसते.

चौथा दोष जिन्याखालचा. साऱ्या वाड्याचे मीटर लाकडी फळीवर, आणि त्याच्यापुढे सायकली, रद्दी, मोडकी खुर्ची. वाड्याला जिना बहुधा एकच असतो. आग तेथे लागली तर वरच्या मजल्यावरील वृद्धांनी व मुलांनी उतरावे कोठून? ही जागा मोकळी करण्यास पैसा लागत नाही. एक रविवार लागतो.

आता उपाय. एकदम सारे करणे शक्य नसेल तर क्रम ठेवावा. सर्वप्रथम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासणी करून घ्यावी. मेगर नावाच्या यंत्राने तारांच्या वेष्टनाचा रोध मोजतात. तो एक मेगओहमपेक्षा कमी भरला तर तारा वा जोड सदोष समजावे. मग अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा आणि त्यापासून प्रत्येक प्लगपर्यंत हिरवी तार न्यावी. त्यानंतर मुख्य फळ्यावर गळती-रक्षक खटका, ज्याला आरसीसीबी म्हणतात, तो बसवावा. घरगुती उपयोगासाठी तो 30 मिलिअँपिअरचा असतो. तेवढा प्रवाह वाट चुकून जमिनीकडे जाऊ लागला की तो क्षणार्धात वीज तोडतो. एमसीबी तारेचे रक्षण करतो, हा खटका माणसाचे. एक असला म्हणजे दुसऱ्याची गरज उरत नाही असे नव्हे. शेवटी गीझर, वातानुकूलन यंत्र आणि स्वयंपाकघर यांना स्वतंत्र तारा द्याव्यात. दिव्यांसाठी दीड, साध्या पॉवर प्लगसाठी अडीच आणि मोठ्या उपकरणांसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सर्वसाधारणपणे घालतात. जुन्या तारेवर नवी पट्टी गुंडाळून काम भागविणे, हे मात्र कोणी सुचविले तरी ऐकू नये.

एक सूचना विशेषेकरून. जुन्या घरात नवा गळती-रक्षक खटका बसविला की तो सारखा पडतो. घरची मंडळी वैतागतात, आणि कोणी तरी तो वगळून तारा सरळ जोडून देतो. रात्री कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच हाकलून देण्यासारखे हे आहे! खटका पडतो याचा अर्थ कोठे तरी गळती आहे, किंवा दोन घरांच्या न्यूट्रल तारा एकमेकींत मिसळल्या आहेत. तो दोष शोधावा. खटक्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

कायदा काय म्हणतो? 1910 च्या वीज कायद्याची जागा 2003 च्या कायद्याने घेतली. सुरक्षिततेचे 1956 चे नियम जाऊन 2010 चे विनियम आले आणि त्यांच्या जागी 2023 चे. घरातील तारजोडणी कशी असावी हे भारतीय मानक 732 मध्ये दिले आहे. मीटरच्या अलीकडची, म्हणजे घरातील जोडणी नीट ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. वीजमंडळाच्या नावाने बोटे मोडून ती टळत नाही. वीज मागण्याचा अधिकार 2003 च्या कायद्याने जागेच्या मालकाप्रमाणे तेथे राहणाऱ्यासही दिला आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे घर दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे, आणि भाडेकरूची वीज त्याला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही.

आणि येथेच खरी अडचण आहे. ती मी स्पष्ट बोलतो, कारण या सभागृहात घरमालकही बसले आहेत आणि भाडेकरूही. मालक म्हणतो, जुन्या भाड्यात मला जिन्यावरच्या दिव्याचे पैसेही सुटत नाहीत. उद्या वाडा पाडून नवी इमारत व्हायची, मग आज खर्च कशाला? भाडेकरू म्हणतो, परक्याच्या भिंतीत मी पैसे का गाडू? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु वाडा पडण्याचा तो उद्या वीस-वीस वर्षे उजाडत नाही, आणि तोवर दोघांचीही मुले त्याच जिन्यावरून चढउतार करतात. आग लागली तर ती भाडेपावती कोणाच्या नावाची आहे हे विचारीत नाही.

यावर माझी सूचना अशी. मीटरची जागा, जिना आणि अर्थिंग हे सामाईक काम समजून त्याचा खर्च मालकासह सर्वांनी ठरवून वाटून घ्यावा. खोलीतील काम ज्याचे त्याने करावे. या खर्चामुळे मालकाचा वा भाडेकरूचा कोणताही हक्क वाढत नाही अथवा कमी होत नाही, असा साधा लेख दोघांनी सह्या करून ठेवावा. दावे-फिर्यादी चालू असतील त्यांनी त्या खुशाल चालवाव्यात. तारांनी निकालापर्यंत थांबावे अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मध्यस्थी लागेल तेथे मंडळाने दोन वडीलधारी माणसे द्यावीत.

अखेरची गोष्ट आपल्या वसतिगृहाची. ही इमारत आपल्या पूर्वजांनी पै-पै जमवून उभी केली. एका खोलीत तीन मुले राहतात. थंडीत पाणी तापविण्याचा रॉड, इस्त्री आणि फोनची चार्जरे, सारी एकाच प्लगवर लोंबतात. मुलांना रागावून हे थांबणार नाही. त्यांना गरम पाणी हवेच आहे. कार्यकारिणीपुढे यंदा प्रवेशद्वाराच्या कमानीचा प्रस्ताव आहे असे ऐकतो. कमानीस माझा विरोध नाही. पण खेड्यापाड्यांतील आईबापांनी आपली लेकरे आपल्या भरवशावर या छपराखाली ठेवली आहेत. म्हणून यंदाचा निधी प्रथम तपासणी, अर्थिंग आणि नव्या तारा यांवर खर्चावा, दर मजल्यास पाणी तापविण्याची स्वतंत्र सोय करावी, आणि कमान पुढील वर्षी घ्यावी, अशी माझी सभेस नम्र विनंती आहे.

ज्ञातिसंस्था कशासाठी असते? एकट्याच्याने जे होत नाही ते दहांनी मिळून करण्यासाठी. भिंतीआडच्या तारेला कोणी हार घालीत नाही, तिचे उद्घाटन होत नाही, आणि तिच्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही. तरीही हे काम आपण कराल, असा विश्वास मी व्यक्त करतो.