‘ज्युबिली’ ह्या शब्दाची कुळकथा



गेले कांहीं महिने ह्या धर्मग्रामांत लहानथोरांच्या तोंडीं एकच शब्द आहे, ‘ज्युबिली’. तो आपल्याकडे इंग्रजींतून आला खरा. परंतु तो मूळचा इंग्रज नव्हे, आणि लॅटिन हेंही त्याचें अर्धेंच माहेर आहे.

हिब्रू भाषेंत ‘योबेल’ म्हणजे एडका, आणि त्यावरून त्याच्या शिंगाचा कर्णा. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकावें व ५० वें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या चाकरीस विकला गेलेला बांधव मुलांबाळांसह मोकळा व्हावा. जमिनीची किंमतदेखील पुढच्या योबेलपर्यंत जितकीं पिकें निघतील तितकीच. विकावयाचीं तीं पिकें, जमीन नव्हे. ज्यांनीं गहाणखतावर आंगठा उठविला आहे त्यांना ह्यांतलें मर्म आम्हीं सांगावयास नको.

संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरांत ‘योबेल’चें ‘यूबिलेउस’ झालें. ‘यो’चा ‘यू’ कां? लॅटिनांत ‘यूबिलारे’ हें क्रियापद आधींच रूढ होतें. हिब्रूशीं त्याचें कांहीं नातें नव्हतें. रोमन पंडित वार्रो सांगतो कीं, तें खेडवळांच्या आरोळीचें नांव. कापणी करणारे व द्राक्षमळ्यांतले मजूर हर्ष अनावर झाला म्हणजे शब्द सोडून नुसत्या सुरांनीं गातात, त्यासच संत आगस्तीन हा शब्द लावतात. उच्चार जवळचे, म्हणून शिंग व आरोळी एकत्र मिसळलीं. मिश्रण गोड झालें. परंतु आमच्या मतें त्यांत हर्ष उरला व मोकळीक मागें पडली. मांडव व बँड ही लॅटिन अर्ध्याची सोय झाली. ज्यांच्या पेटींत शेजाऱ्याचें गहाणखत असेल त्यांनीं ह्या आठवड्यांत तें एकदां उघडून पाहावें, एवढीच हिब्रू अर्ध्यासाठीं आमची विनंती.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १३०० सालीं पोप आठवे बोनिफास यांनीं रोमेंत पहिलें ज्युबिली वर्ष जाहीर केलें, तें शंभर वर्षांनीं एकदां यावें म्हणून. सहावे क्लेमेंट यांनीं अंतर ५० वर्षांवर आणलें, तर दुसरे पौल यांनीं १४७० सालीं तें २५ वर्षांवर आणलें. (मोशेच्या हिशेबीं ही घाईच; पण शंभरी कितीजण गांठतात?) त्याच क्रमानें २०२५ सालीं रोमेंत ज्युबिली वर्ष पाळलें गेलें.