कांदा चिरणार कोण?

(विद्यापीठातले विद्यार्थी-विद्यार्थिनी आणि बचत गटातल्या बाया यांच्या एकत्र बैठकीतलं भाषण)

मैत्रिणींनो, आणि शहरातून आलेल्या मुलामुलींनो,

आमच्या गटांचे छोटे उद्योग पर्यावरणाला पूरक व्हावेत म्हणून तुम्ही आलात, याचा आनंद आहे. पण गच्चीवर, अंगणात चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे, पापड वाळत घालणारी बाई सौरऊर्जा कधीपासूनच वापरते आहे. तिला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही, इतकंच. तेव्हा 'शिकवायला आलो' असं मनात असेल तर ते आधी उतरवून ठेवा.

विद्यार्थ्यांच्या हातून चांगलं काम होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. वैभव तिडके आणि त्यांचे सोबती मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले. जुनी माणसं तिला यूडीसीटी म्हणतात, मुंबई विद्यापीठाचाच तो विभाग होता. त्यांनी विजेशिवाय चालणारं सौर वाळवणयंत्र तयार केलं. त्यातून एस-फोर-एस नावाचा उद्योग उभा राहिला. मराठवाड्यातल्या बाया ही यंत्रं दारात ठेवून कांदा, टोमॅटो, आलं वाळवतात. २०२३ साली या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. भाव पडला की रस्त्यावर ओतला जाणारा माल यामुळे वाचतो. झाकण असल्यामुळे धूळ बसत नाही, आणि कावळे हाकलत बसावं लागत नाही. ही सुटका लहान नाही.

आता हिशोब करू. कांद्यात शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त भाग पाणी. दहा किलो कांदा सोलून, चिरून, वाळवला तर हाती साधारण सव्वा किलो येतो. कांदा पंधरा रुपये किलोने घेतला असं धरा. म्हणजे वाळलेल्या किलोमागे नुसत्या कच्च्या मालाचेच एकशेवीस रुपये झाले. यंत्राचा हप्ता वेगळा. आणि दहा किलो कांदा चिरला कुणी? डोळ्यांतून पाणी काढत, विळीवर पाठ मोडून, तो बाईनेच चिरला. यंत्र उन्हाचं काम करतं, बाईचं करत नाही. तुमच्या अहवालात किती टन माल वाचला, किती इंधन वाचलं, हे रकाने असतात. चिरण्याचे तास लिहायला रकाना कुठे आहे? तो नसेल तर ते श्रम फुकटचेच धरले जाणार, आणि भाव ठरवताना कुणाला त्यांची आठवण होणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यंत्र द्यायच्या आधी आठवडाभर त्या घरात कोण कधी उठतं, पाणी कोण भरतं, कोण केव्हा निजतं, हे लिहून काढा. यंत्र आल्यावर पुन्हा लिहा. वाचलेला तास बाईकडे राहिला की सासऱ्याच्या चहात गेला, ते कळेल. कर्ज तिच्या नावावर असेल तर मालाचे पैसेही तिच्याच खात्यात येतात का, तेही विचारा. नवऱ्यासमोर विचारू नका.

पिशव्यांचा विषय आलाच आहे तर बोलते. वाळलेला कांदा हवेतली ओल ओढतो, कागदी पुडीत टिकत नाही. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार दंड. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या आमच्या बायांना धडकी भरली. टपरीवर मोठ्या कंपन्यांच्या वेफर्सच्या माळा मात्र लटकतच राहिल्या. बंदी नको असं माझं म्हणणं नाही. पण पर्यावरणाचा भार सगळ्यात आधी कुणाच्या डोक्यावर येतो, ते बघा. परवडणारं, ओल न धरणारं, कायद्यात बसणारं वेष्टन शोधून द्या. हे काम खरोखर तुमच्या प्रयोगशाळेचं आहे. आम्हाला ते जमणार नाही.

आणखी एक. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. तास भरले, परीक्षा आल्या, की मुलं जातात. तेवढ्यात मृग लागतो. आभाळ झाकलेलं असताना यंत्र रिकामं उभं राहतं, हप्ता मात्र थांबत नाही. तेव्हा आषाढात एकदा या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत काय करता येईल, हे गटाबरोबर बसून ठरवू. आणि अहवाल इंग्रजीत लिहिलात तरी मराठीत वाचून दाखवायला या. आकडे बरोबर आहेत की नाही, ते कांदा चिरणाऱ्या बायाच सांगतील.