लवंगेवरची कुऱ्हाड

लवंग हे फळ नव्हे की बी नव्हे. ती असते न उमललेली कळी. इतिहासाचा प्राध्यापक असूनही चाळिशी उलटेपर्यंत मला हे ठाऊक नव्हते. मसाल्यांच्या व्यापाराची सनावळी तोंडपाठ, पण झाडाचा पत्ता नाही! म्हणून आज राजांविषयी न बोलता झाडांविषयी बोलतो.

हे झाड मूळचे मोलुक्काचे. तर्नाते, तिदोरे, माकियान ही ज्वालामुखींची चिमुकली बेटे. आज ती इंडोनेशियात आहेत. 1602 साली निघालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने (आपल्या वेंगुर्ल्यास वखार घालणारी तीच ही) लवंगेचा मक्ता घ्यायचे ठरवले. आता माणसाला धाक घालता येतो, पण झाड कुणाचे ऐकणार? ते रुजेल तिथे वाढणार. तेव्हा कंपनीने सरळ हिशेब केला: अंबोन आणि त्याच्या लगतच्या बेटांवर काय ती लवंग ठेवायची, बाकीची तोडायची. 1652 साली तर्नातेच्या सुलतानाशी करार झाला. त्याला दरसाल ठरावीक रक्कम, आणि त्याच्या मुलखातल्या झाडांवर कुऱ्हाड. पैसे सुलतानाला मिळाले. झाडे मात्र रयतेची होती.

मग होड्यांचे तांडे निघू लागले. त्यांना 'होंगी' म्हणत. वल्ही मारायला बेटांवरचीच माणसे वेठीला धरलेली. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे, लवंग दिसली की तोडायची. मूल जन्मले की लवंगेचे झाड लावायची तिकडे चाल होती, असे सांगतात. आपल्या वयाचे झाड आडवे होताना त्या माणसाला काय वाटले असेल, हे कंपनीच्या चोपड्यांत सापडायचे नाही.

बांदाच्या जायफळाची कथा याहून भयंकर. 1621 मध्ये यान पीटर्सझोन कून याने ती बेटे जिंकली. सुमारे 15,000 वस्तीपैकी हजारभर माणसे तिथे उरली असतील; बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली वा गुलाम झाली. जायफळ दुसरीकडे रुजू नये म्हणून ते चुन्यात बुडवून पाठवीत. पण जायफळ गिळून बेटाबेटांवर बी टाकणारे मोठे पारवे चुना लावून घ्यायला थोडेच येणार!

1770 मध्ये फ्रेंच अधिकारी प्येर प्वाव्र याच्या खटपटीने लवंगेची रोपे मॉरिशसला पळवून आणली गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात ती झांझिबारला पोहोचली. मक्ता मोडला, याचा आनंद मानावा ना? मानावा की. पण चोरून आणलेली रोपे ती किती? मूठभरच. दूरदूरच्या बागा अशा थोड्या झाडांच्या वंशावर उभ्या राहिल्या. विसाव्या शतकात झांझिबारला मर रोग पडला आणि बागाच्या बागा वाळल्या. अशा वेळी काटक वाण शोधायला माणूस झाडाच्या मूळ गावी जातो, आणि कुऱ्हाड तर नेमकी तिथेच चालली होती.

कंपनी 1799 अखेर मोडीत निघाली. तर्नातेच्या गामालामा डोंगरावर, त्या तोडीतून वाचलेले म्हणून एक म्हातारे लवंगेचे झाड लोक दाखवीत. त्याला त्यांनी नावही दिले होते, 'आफो'.