कुत्रं पाळणाऱ्यांशी आणि न पाळणाऱ्यांशीही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



मला बोलवायचं ठरलं तेव्हा कमिटीत दोन तट पडले होते, हे मला कळलंय. एक म्हणत होते, ‘त्याला बोलवा, म्हणजे तो कुत्रेवाल्यांना चार शब्द सुनावेल.’ दुसरे म्हणत होते, ‘त्याला बोलवा, म्हणजे कुत्र्यांच्या नावानं ओरडणाऱ्यांना तो गप्प करेल.’ आज दोघांचीही थोडी निराशा होणार आहे.

आपली सोसायटी जोतिबाच्या वाटेवर आहे. माघात खेट्याच्या रविवारी पहाटे भाविक अनवाणी डोंगराकडे निघतात. अंधार असतो, हातात काठी असते, ‘चांगभलं’चा गजर असतो. आपल्या गेटवरची कुत्री त्यांच्यावर धावून जातात. आणि खरं सांगू का, गच्चीवरनं आपली पाळीव कुत्री त्यांना साथ देतात. चैत्र यात्रेत तर सासनकाठ्या, हलगी, ढोल, गुलाल, खोबरं, सगळंच. माणसाला भक्तीचा आनंद, कुत्र्याला मात्र भीती. त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. ढोल अंगणात वाजला की त्याला डोक्यात वाजल्यासारखं होतं. असं घाबरलेलं कुत्रं एकतर पळतं, नाहीतर चावतं.

ही गोष्ट मी पुस्तकातनं शिकलो नाही. ती सांगायला जरा जीवावर येतंय, पण सांगतो.

बरीच वर्षं झाली. मी नुकता या धंद्यात पडलो होतो. गळ्यात आवळणारी साखळी, हातात काठी, आणि ‘कुत्र्याला मालक कोण ते कळलं पाहिजे’ हे एकच शास्त्र. एका घरी जर्मन शेफर्ड होता. घरात लहान मूल आलं आणि ते जवळ गेलं की कुत्रा गुरगुरायचा. घरच्यांनी मला बोलावलं. मी काय केलं? गुरगुरला की साखळीचा जोरात झटका. पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद. घरचे खूश, मी खूश. ‘नाद खुळा’ म्हणून चार ठिकाणी माझं नाव झालं.

सहा-सात महिन्यांनी यात्रा आली. घर पाहुण्यांनी भरलं होतं, बाहेर हलगी वाजत होती. कुत्रा जिन्याखाली बांधला होता. ते मूल रांगत त्याच्या ताटलीपाशी गेलं. कुत्रा गुरगुरला नाही. गुरगुरणं मीच तर बंद करून ठेवलं होतं. त्यानं सरळ गालाचा चावा घेतला. टाके पडले, इंजेक्शनं झाली, पोर वाचलं. कुत्रा कुणाच्या तरी मळ्यावर गेला आणि तिथं आयुष्यभर साखळीला राहिला. मी त्याला बघायला वर्षभर गेलो नाही. तोंड नव्हतं.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं ‘जरा लांब राहा’ असं सांगणं. मी त्याचं बोलणं बंद केलं, भीती तशीच ठेवली. त्यानंतर ती साखळी मी वापरली नाही.

आता घरच्यांच्या चुकांकडे येतो. रागावू नका. पहिली चूक पिल्लू घेतानाच होते. महिन्याभराचं पिल्लू पिशवीत घालून आणतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे, आणि त्याला कारण आहे. आई आणि भावंडांत राहूनच पिल्लाला कळतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. ती शाळा बुडवलेलं पिल्लू मग तुमच्या पोराच्या हातावर शिकतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत जे बघेल, ऐकेल, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. म्हणून त्या काळात त्याला कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहा. रिक्षा दाखवा, छत्री दाखवा, दाढीवाला माणूस दाखवा, लांबनं हलगी ऐकवा. लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, पण कडेवर फिरवायला काही हरकत नाही.

दुसरी चूक जातीची. कोल्हापुरात उन्हाळ्यात हस्की पाळणारे लोक बघितले की मला घाम फुटतो, कुत्र्याचं काय होत असेल! मुधोळ हाउंड तर आपल्या शेजारचा. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली जात, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आलेली. अभिमान आहेच. पण तो पळण्यासाठी जन्मलेला कुत्रा आहे. लांबवर काही हललं की नजर तिकडं आणि पाठोपाठ पाय. त्याला दोन खोल्यांत ठेवून संध्याकाळी दहा मिनिटं खाली आणायचं, आणि सोफा फाडला म्हणून मारायचं? मग पाळायचा कशाला? फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मी आपलं गावठी पिल्लू सुचवतो. इथल्या हवेला बनलेलं, आणि फुकट. फुकट म्हटलं की काही लोकांचा रस जातो, ते वेगळं.

मारण्याबद्दल. घरात शी केली म्हणून नाक घासणारे अजून आहेत. कुत्र्याला शिक्षा आणि गुन्हा जोडता येतो तो फार तर एक-दोन सेकंदांच्या आत. तुम्ही ऑफिसातनं सहाला येऊन दुपारच्या शीबद्दल मारलंत, तर त्याला एवढंच कळतं की मालक घरी आला की मार बसतो. ‘पण त्याला कळतंय ओ, बघा कसं तोंड करून बसतोय!’ हे मला हमखास ऐकवतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकी संशोधक बाईंनी २००९ साली नेमकं हेच तपासलं. कुत्र्यानं चूक केली असो वा नसो, मालक रागावला की ते ‘अपराधी’ तोंड होतं. म्हणजे ते तोंड चुकीचं नाही, तुमच्या चेहऱ्याला घाबरल्याचं आहे. त्यापेक्षा पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळलं की लगेच बाहेर न्या. बाहेर झालं की तिथंच, त्याच क्षणी खाऊ द्या. घरी येऊन नव्हे. आठ-पंधरा दिवस कंटाळा करू नका.

आणि ते बाहेर झालेलं उचला. स्वतः. झाडूवाल्या मावशींचं ते काम नाही.

रविवारच्या मटणाबद्दल बोललो नाही तर कोल्हापूरकर म्हणवून घेता येणार नाही. शिजवलेलं हाड देऊ नका. शिजलं की ते ठिसूळ होतं, त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि आतडं फाडतात. रस्सा तर नाहीच. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे. द्राक्षं, मनुके, चॉकलेट, हेही नको. ‘आमचा वर्षानुवर्षं खातोय’ म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही, जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

आता न पाळणाऱ्यांकडे वळतो. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालायचा ठराव आपल्या सभेत दोनदा आला. तो बहुमतानं झाला तरी टिकणार नाही. भारतीय जीव-जंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात, लिफ्टबंदीबद्दलसुद्धा. पण त्याच सूचना मालकाला म्हणतात की कुत्रं बाहेर दोरीला बांधून न्या, लस द्या, घाण करू देऊ नका. ‘आमचा काही करत नाही हो’ म्हणत मोकळा सोडणाऱ्यानं समोरच्या आजींकडे बघावं. त्यांना ते माहीत नाही, आणि त्यांनी ते मानलंच पाहिजे असंही नाही.

गेटवरची कुत्री हा खरा वादाचा विषय. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालायची जागा ठरवायची जबाबदारी सोसायटीवरच टाकली आहे. जिना, प्रवेशद्वार, मुलांची खेळायची जागा यांपासून लांब, आणि मुलं-म्हातारी माणसं फिरतात ती वेळ टाळून. आपल्याकडं काय होतं? एक जण गेटपाशी पोळ्या टाकतो आणि दुसरा दगड मारतो. कुत्र्याला एकच कळतं, ही जागा आपली आणि इथं सावध राहायचं. खेट्याच्या वाटेवरच्या माणसाला ती फाडायला धावतात, त्यात आपला दोघांचा वाटा आहे. ज्यांच्या कानाला खाच दिसते त्यांची नसबंदी झालेली आहे. आपल्या गेटवरच्या पाचांपैकी दोघांना ती नाही. यात्रेच्या आत ती करून घ्यायची आहे.

चावलंच तर तिखट, चुना, हळद काही लावायचं नाही. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा, आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. मग सरळ सीपीआर किंवा जवळचं सरकारी रुग्णालय. रक्त आलं असेल तर लशीबरोबर दुसरं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. पाळीव कुत्र्यानं ओरखडलं तरी दाखवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, आणि लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात. लशीचे सगळे डोस पूर्ण करा. तिसऱ्यानंतर बरं वाटतंय म्हणून थांबणारे याच सोसायटीत आहेत. नाव घेत नाही.

यंदा यात्रेच्या दिवशी कुत्रेवाल्यांनी एवढं करायचं. सकाळी लवकर फिरवून आणा, मग आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्ही चालू. पाहुण्यांची पोरं त्या खोलीत जाणार नाहीत याला एक मोठं माणूस जबाबदार. जिन्याखाली बांधायचं नाही.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी पार्किंगमध्ये असेन. ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांनी दोरी आणि लशीचं कार्ड घेऊन यावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी पोरांना पाठवावं. अनोळखी कुत्र्यासमोर झाडासारखं स्तब्ध कसं उभं राहायचं, आणि ते जेवत असताना जवळ का जायचं नाही, हे मी त्यांना अर्ध्या तासात करून दाखवतो. जास्त माणसं आली तर चेअरमनसाहेबांना खुर्च्या कमी पडतील, त्यांनी आधी सांगावं.